दोन घागरी पाणी

माझं माहेर नांदेड आणि सासर लातूर. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा शेजारणी हमखास विचारायच्या, "नांदेडच्या का तुम्ही? मग गुरुद्वाऱ्यात जाऊन आला असाल ना?" मला हसू यायचं. जाऊन कसलं आलात! आमचं निम्मं लहानपणच तिथं गेलं. सुट्टीत खेळून दमलो, भूक लागली, की घर गाठायच्या आधी आम्ही पोरं लंगरात जाऊन बसायचो. तिथं नाव विचारायला कुणी नाही, जात विचारायला कुणी नाही. दोन्ही हात पुढं केले की त्यात गरम परशादा, म्हणजे पोळी, पडायची. एका बाजूला मोटारीतून आलेले पाहुणे, दुसऱ्या बाजूला स्टेशनवरचा हमाल. डाळ दोघांना एकाच बादलीतली.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक शीख कुटुंब राहायचं. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात हजूर साहिबची सध्याची वास्तू बांधून घेतली, त्याच सुमारास आपले पूर्वज पंजाबातून इकडं आले, असं ते सांगायचे. घरात पंजाबी, हिंदी आणि मराठी यांची मस्त खिचडी. त्या घरातल्या बाईंना आम्ही चाचीजी म्हणायचो. माझ्या आईला त्या 'वहिनी' म्हणत आणि आजीला 'आजी'च.

आजी आमची वारकरी. एकादशीला कडक. सुरुवातीला ती लंगरात जेवायला तयार नव्हती. एकदा तिनं चाचीजींना विचारलं, "तुमच्या देवळात आमच्या नामदेवाला जागा आहे का गं?" चाचीजी म्हणाल्या, "आजी, ते तर आत बसलेत. ग्रंथसाहिबात." आजीला आधी खोटंच वाटलं. पण ते खरं आहे. नरसीचे, म्हणजे आताच्या हिंगोली जिल्ह्यातले नामदेव महाराज. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली इथं, नांदेडला देह ठेवला आणि त्याआधी गुरुगादी ग्रंथाला दिली. म्हणजे तिथं जो कुणी माथा टेकतो, तो आपल्या एका शिंप्याच्या शब्दांपुढंही टेकतो. जातीवरून ज्याला देवळातून उठवलं असं आपणच सांगतो, त्या नामदेवाच्या शब्दांपुढं! हे कळल्यावर आजी पंगतीत जाऊन बसली, आणि नंतर दर पंधरा दिवसांनी भाजी निवडायलाही जाऊ लागली.

चाचीजींनी मला तीन गोष्टी शिकवल्या. गुरू नानकांची शिकवण म्हणून प्रत्येक शीख घरात त्या सांगतात. कीरत करो, नाम जपो, वंड छको. कष्टाचं कमवा, देवाचं नाव घ्या, वाटून खा. ऐकायला किती सोप्पं! आपल्या संतांनी तरी वेगळं काय सांगितलंय, असं वाटतं आणि आपण मान डोलावून पुढं जातो. मीही डोलावली. तिसऱ्या गोष्टीचा खरा अर्थ कळायला मला २०१६ साल उजाडावं लागलं.

तो उन्हाळा लातूरकर बायका विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं. नळाचं पाणी बंद. मार्चमध्ये तर पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलेलं. घरोघर एकच विषय, टँकर आला का? आम्ही विकतचा टँकर मागवायचो आणि टाकीला अक्षरशः कुलूप लावायचो. आंघोळीचं पाणी परातीत धरायचं, त्यात कपडे, मग त्याच पाण्यानं संडास. मी वहीत हिशोब ठेवायचे, किती बादल्या उरल्या याचा.

आमच्याकडं भांडी घासायला येणारी मावशी वस्तीत राहायची. एक दिवस काम आटोपल्यावर ती दारात घुटमळली. म्हणाली, "वैनी, दोन घागरी पाणी द्याल का? आठ दिवस झाले, आमच्याकडं टँकरच आला नाही बघा." मी टाकीकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं आणि म्हटलं, "अगं, आम्हालाच पुरत नाही गं. काय करू?" ती काही बोलली नाही. पदर खोचला आणि गेली. दुसऱ्या दिवशी वेळेवर आली आणि मोजून दिलेल्या पाण्यात आमची भांडी लख्ख घासून दिली.

त्याच आठवड्यात एका लग्नासाठी नांदेडला जाणं झालं. हजूर साहिबला गेले, लंगरासाठी पाचशे एक रुपये दिले, पावती घेतली. मन कसं भरून आलं! चाचीजी तेव्हा खूप थकल्या होत्या. खाटेवर पडून असायच्या. मी लातूरच्या पाण्याची सगळी कहाणी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भांडी कोण घासतं गं तुझ्याकडं?"

"मावशी आहेत एक."

"तिच्या घरी पाणी आहे का?"

मैत्रिणींनो, मला उत्तर देता येईना. खोटं बोलावंसं वाटलं, पण त्यांच्यापुढं ते जमलं नसतं. मी घडलेलं सगळं सांगून टाकलं. चाचीजी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पोरी, पावती फाडली ते दान झालं. चांगलंच आहे. पण वंड छको वेगळं. शब्द कसे आलेत बघ. आधी वंड, मग छको. आधी वाटायचं, मग खायचं. खाऊन उरलं की द्यायचं, असं नाही ते."

मग त्यांनी भाई कन्हैयांची गोष्ट सांगितली. आनंदपूरच्या लढाईत हा माणूस पखाल घेऊन जखमींना पाणी पाजायचा. आपले आणि शत्रूचे, दोघांनाही. लोकांनी गुरू गोविंदसिंगांकडं तक्रार केली. भाई कन्हैया म्हणाले, मला सगळ्यांत तुमचाच चेहरा दिसतो. गुरूंनी त्यांना शिक्षा केली नाही. उलट जखमांवर लावायला मलमही दिलं, अशी ती गोष्ट. वेढ्यात अडकलेल्या गावाला काय पाणी मुबलक असतं? आणि माझ्या दारातली मावशी तर शत्रूही नव्हती. माझ्याच घरातली उष्टी काढणारी बाई होती.

परतीच्या बसमध्ये मी वहीतला हिशोब पुन्हा मांडला. घरातल्या माणसांत एक माणूस वाढलंय असं धरून. दुसऱ्या दिवसापासून दोन घागरी मावशीच्या. सासूबाई कुरकुरल्या. म्हणाल्या, "आज हिला दिलं, उद्या अख्खी वस्ती येईल." वस्ती काही आली नाही. आम्ही चादरी धुणं लांबवलं, एक बादली कमी केली, भागलं.

चार-पाच दिवसांनी कळलं, की मावशी दोनातली एक घागर शेजारच्या बाळंतिणीला देते. माझ्या तोंडावर अगदी आलं होतं, "मग एकच पुरते ना तुला?" जीभ चावली. कारण लक्षात आलं, वंड छको हा शब्द जिनं कधी ऐकला नव्हता, ती तो जगत होती. आणि ज्या मला तो लहानपणापासून पाठ होता, ती मी घागरी मोजत बसले होते.

त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी लातूरला पोचली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. लोक स्टेशनवर बघायला गेले होते. मला वाटलं, आज आपण अख्खं लातूर पंगतीत बसलोय आणि वाढायला शेकडो किलोमीटरवरून कुणीतरी आलंय. पंगतीत बसल्यावर मिळणाऱ्या अन्नाची किंमत कळते, आणि वाढणाऱ्याचीही.

आता चाचीजी नाहीत. पण त्यांचे तीन शब्द मी रोजच्या संसारात लावून बघते, आणि सांगते, फार अवघड जातं.

'कीरत' घ्या. कष्टाची, प्रामाणिक कमाई. आपण म्हणतो, आम्ही कुठं लाच घेतो? पण कामवालीनं दोन दिवस खाडा केला की पैसे कापतो आणि आपल्याला मात्र भरपगारी रजा हवी असते. भाजीवालीशी पाच रुपयांवरून हुज्जत घालतो, मॉलमध्ये छापील किमतीला मान खाली घालतो. दुसऱ्याच्या कष्टाचे पैसे आपल्या पर्समध्ये उरले, तर आपली कमाई स्वच्छ कशी म्हणायची?

'नाम' घ्या. चाचीजींची नात पुण्याला कंपनीत नोकरी करते. ती म्हणते, "काकू, कमाईचा दहावा हिस्सा, दसवंध, मोबाईलवरून एका मिनिटात जातो. पण वेळेचा दहावा हिस्सा काढायला गेलं की घाम फुटतो." चोवीस तासांचा दहावा हिस्सा म्हणजे जवळजवळ अडीच तास. ती सकाळी पाठ करते आणि सुट्टीच्या दिवशी उरलेला वेळ लंगरात भांडी घासून भरून काढते. मला अडीच तास जमत नाहीत. पण पहाटे मोबाईल हातात घ्यायच्या आधी दहा मिनिटं हरिपाठ म्हणते. नाव कुठलंही घ्या, आधी मन जागेवर यावं, एवढंच.

आणि एक गोष्ट घरातल्या पुरुषांना मुद्दाम दाखवण्यासारखी आहे. लंगरात बघा, दाढीमिशीवाले बाप्ये मांडी घालून लसूण सोलतात, पोळ्या लाटतात, कढया घासतात. कुणाची शान जात नाही. त्या चुलीचा मान किती मोठा! दुसरे गुरू अंगददेव यांच्या पत्नी माता खीवी लंगर सांभाळायच्या. त्यांचं नाव आणि त्यांच्या तुपातल्या खिरीचं कौतुक चक्क ग्रंथसाहिबात आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाईचं नाव धर्मग्रंथात! आपल्याकडं जेवण झाल्यावर 'छान झालं' म्हणायलाही जीभ जड होते. मी आमच्या 'ह्यां'ना म्हटलं, गुरुद्वाऱ्यात डोक्याला रुमाल बांधून हौसेनं ताटं उचलता, मग घरी काय झालं? तेव्हापासून स्वतःचं ताट तरी स्वतः उचलतात. लेक तर कुकरही लावतो.

सगळेच शीख असे वागतात असं मी म्हणणार नाही. चाचीजीच म्हणायच्या, "आमच्यातही माथा टेकून बाहेर आले की विसरणारे पुष्कळ." पण न विसरणारेही असतात. २०२० च्या टाळेबंदीत हजारो मजूर पायी गावाकडं निघाले तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ महामार्गावर बाबा करनैलसिंग खैरा हे ८१ वर्षांचे गृहस्थ पत्र्याच्या शेडमध्ये लंगर चालवत होते. नांदेडच्या लंगर साहिब गुरुद्वाऱ्याशी जोडलेला हा लंगर. दहा आठवड्यांत वीस लाख लोक तिथं जेवून गेले, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. त्या लंगराच्या मागं-पुढं कितीतरी अंतर एक ढाबा उघडा नव्हता.

आपल्याला वीस लाखांना जेवू घालायचं नाहीये हो. आपल्या दारात रोज एकच बाई येते. तिचा कप कुठं ठेवलाय आपण? खिडकीत, वेगळा? आमच्याकडंही होता, कान तुटलेला. २०१६ च्या त्या उन्हाळ्यात मी तो फेकून दिला. आता सकाळी अकराला मावशी आणि मी ओट्याशी बसून चहा घेतो. कप कुणाचा कुठला, ते आम्हालाही आठवत नाही. परवा दूध कमी होतं. एकच कप चहा झाला असता. मी विचार करत उभी राहिले, तर मावशीच म्हणाली, "वैनी, पाणी वाढवा की जरासं. दोघींत होतंय."

झाला बघा दोघींत.