तारीख बदलली, चाळण तीच

अमेरिकेतील मुलांच्या फुटबॉलमध्ये यंदा एक बदल लागू होत आहे. वरकरणी तो निव्वळ कार्यालयीन आहे. यूएस युथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि अमेरिकन युथ सॉकर ऑर्गनायझेशन या संघटनांनी २०२६-२७ च्या हंगामापासून वयोगट ठरविण्याची तारीख १ जानेवारीऐवजी १ ऑगस्ट केली आहे. आजवर एका कॅलेंडर वर्षात जन्मलेली मुले एका गटात खेळत. यापुढे १ ऑगस्टपासून पुढच्या वर्षीच्या ३१ जुलैपर्यंत जन्मलेली मुले एका गटात येतील. विश्वचषकाच्या धामधुमीत ही बातमी आपल्याकडे कुणाच्या खिजगणतीत नसणे स्वाभाविक आहे. पण ज्या अमेरिकी घरात दहा-बारा वर्षांचे मूल ‘ट्रॅव्हल सॉकर’ खेळते, त्या घरात या तारखेइतका जिव्हाळ्याचा विषय सध्या दुसरा नसावा. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतची कित्येक मराठी आणि गोमंतकीय घरेही त्यात आली.

ट्रॅव्हल सॉकर ही खास अमेरिकी व्यवस्था आहे. गावच्या मैदानावरील हौशी लीगमध्ये नाव नोंदवील त्याला खेळायला मिळते. ट्रॅव्हल संघात मात्र निवड चाचणी देऊन शिरावे लागते, तेही बहुधा वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासून. निवड झाली की क्लबची फी, गणवेश, शनिवार-रविवारी आसपासच्या शहरांत आणि कधी परराज्यात सामने, त्यासाठीचे पेट्रोल आणि हॉटेल, असा सारा भार पालकांवर. एकाच वयोगटाचे ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे संघ केले जातात आणि दरवर्षी, साधारण मे-जूनमध्ये, चाचणी पुन्हा होते. नऊ वर्षांच्या मुलाने दर उन्हाळ्यात आपली जागा नव्याने सिद्ध करायची, आणि निकाल मात्र यायचा पालकाच्या ईमेलवर.

तारीख हलल्याने या व्यवस्थेत काय होते, ते उदाहरणाने पाहू. २०१४ साली जन्मलेल्या मुलांचा एखादा संघ गेली तीन-चार वर्षे एकत्र खेळत आहे. नव्या हंगामात या संघाचे दोन तुकडे होतील. जानेवारी ते जुलैमध्ये जन्मलेली मुले तेरा वर्षांखालील गटात जातील, तर ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुले बारा वर्षांखालील गटातच राहून एक वर्षाने लहान मुलांबरोबर खेळतील. कालपर्यंत संघात मधल्या वयाचा असलेला ऑगस्टचा मुलगा एका रात्रीत गटातील सर्वांत थोरला होईल, तर जुलैचा मुलगा सर्वांत धाकटा. ‘अ’ संघातील एकेक जागा पुन्हा वादात सापडेल.

गंमत अशी की ही तारीख नवी नाहीच. दशकापूर्वीपर्यंत अमेरिकेत १ ऑगस्टच मोजली जात असे. २०१५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय महासंघाने आंतरराष्ट्रीय रिवाजाशी जुळवून घेण्यासाठी १ जानेवारीचा निर्णय जाहीर केला आणि २०१७ पर्यंत तो सर्वत्र सक्तीचा झाला. फिफाच्या वयोगट स्पर्धा १ जानेवारीच मोजतात. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने आपण फातोर्ड्याला पाहिले, त्यातील खेळाडू १ जानेवारी २००० रोजी वा त्यानंतर जन्मलेले होते. पण फिफाच्या स्पर्धेत खेळणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांच्या सोयीसाठी वर्गमित्र एकमेकांपासून तुटले. आठवीतल्या मुलाचे संघातील सोबती नववीत जाऊन शाळेच्या संघातून खेळू लागत आणि तो एकटा शरद ऋतूभर संघाविना उरे. अशा मुलांना तिथे ‘अडकलेले खेळाडू’ म्हणण्याचा प्रघात पडला. आता शाळेच्या वर्षाशी वयोगट जोडल्याने ती अडचण बरीचशी सुटेल. तेवढ्यापुरता हा निर्णय शहाणपणाचा आहे.

मूळ दुखणे मात्र तारखेत नाही. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये आइस हॉकीच्या कनिष्ठ खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. तिथेही गणना १ जानेवारीपासून होती, आणि वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या शेवटच्या तीन महिन्यांतल्यांपेक्षा कितीतरी अधिक निघाली. पुढे फुटबॉलसह अनेक खेळांत हेच आढळले. कारण साधे आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ नववा हिस्सा. उंची, वेग, धक्का सोसण्याची ताकद या सगळ्यांत तो हिस्सा दिसतो आणि निवड करणारा प्रशिक्षक त्याला गुणवत्ता समजतो. मग निवडलेल्या मुलाला चांगला प्रशिक्षक, अधिक सराव, तगडे प्रतिस्पर्धी मिळतात. वगळलेल्याला यातले काहीच नाही. दोन वर्षांनी पाहावे तर पहिला खरोखरच सरस झालेला असतो, आणि निवड बरोबर होती असा दाखला मिळतो. तारीख जानेवारीची ठेवा वा ऑगस्टची, कुणीतरी धाकटे असणारच. इतक्या लहान वयात चाळण लावली की ती वयच गाळते.

पालकांच्या चढाओढीकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. मैदानाच्या रेषेवर उभे राहून पंचाच्या नावाने ओरडणारा बाप हा अमेरिकेत चेष्टेचा विषय आहे. १९९९ साली ओहायोतील मुलींच्या एका लीगने तर एक ‘मूक रविवार’ पाळून पालकांना आणि प्रशिक्षकांना सामनाभर गप्प बसविले होते. तेव्हापासून असे मूक शनिवार-रविवार अनेक ठिकाणी पाळले जातात. ओरडणे त्या दिवसापुरते थांबते. ईमेल थांबत नाहीत. अमक्याचा मुलगा ‘अ’ संघात कसा, प्रशिक्षकाने स्वतःच्याच मुलाला मधल्या फळीत का ठेवले, आमच्या मुलीला दुसऱ्या सत्रात सातच मिनिटे का मिळाली? पुष्कळ संघांना पालकांपैकीच कुणीतरी विनामोबदला शिकवीत असल्याने संशयाला जागाही असते. चिडलेली चार घरे मुले घेऊन शेजारच्या क्लबमध्ये जातात, तो क्लब ‘अ’ संघाचे आश्वासन देतोच. आणि फीवर चालणाऱ्या क्लबला गिऱ्हाईक सोडवत नाही, म्हणून ‘ब’ची ‘क’ आणि ‘क’ची ‘ड’ अशी पिलावळ वाढते.

या पालकांना मूर्ख ठरविणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. ज्या व्यवस्थेत नवव्या वर्षी मागे पडलेल्याला बाराव्या वर्षी परत येण्याची वाट जवळजवळ बंद असते, तिथे पालकाची धास्ती अनाठायी कशी म्हणावी? त्यात पैसा गुंतलेला. अॅस्पेन इन्स्टिट्यूटच्या ‘प्रोजेक्ट प्ले’ उपक्रमाच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये अमेरिकी कुटुंबाने मुलाच्या मुख्य खेळावर सरासरी १,०१६ डॉलर, म्हणजे सुमारे ८५ ते ९० हजार रुपये खर्च केले. २०१९ च्या तुलनेत ही वाढ ४६ टक्के आहे. ही सर्व खेळांची सरासरी झाली, ट्रॅव्हल संघाचा खर्च याच्या कितीतरी पुढे जातो. एवढे ओतल्यावर माघार घेणे कठीण होते. पुढे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीचे गाजर असते. त्याचे गणित मात्र फार थोडे पालक नीट पाहतात. वर्षानुवर्षे वरच्या श्रेणीतील महाविद्यालयाच्या पुरुष फुटबॉल संघाला ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या पंचवीस-तीस खेळाडूंत तुकडे करून वाटल्या जात. गेल्या वर्षी न्यायालयीन तडजोडीनंतर ही मर्यादा उठली, पण संघांची संख्या काही वाढली नाही.

दुसरी वाट नाही असे नाही. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये मुलांच्या खेळातील हक्कांची नियमावली केली आणि २००७ मध्ये तिची फेररचना केली. तिच्यानुसार अकराव्या वर्षापर्यंत निकालांचे तक्ते आणि क्रमवारी लावता येत नाही, आणि तेरा वर्षांखालील मुलांना राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरवता येत नाही. एर्लिंग हालांड ज्या ब्रिने या लहानशा गावात वाढला, तिथे त्याच्या गटातील सुमारे ४० मुले वर्षानुवर्षे कुणालाही न वगळता एकत्र सराव करीत होती, हे त्याच्या प्रशिक्षकाने अनेकदा सांगितले आहे. एका हालांडवरून नियम सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी जेमतेम ५५ लाख वस्तीचा हा देश १९९८ नंतर प्रथमच पुरुषांच्या विश्वचषकाला पात्र ठरला, आणि तोही मिलानमध्ये इटलीला ४-१ असे नमवून, हे लक्षात ठेवायला हरकत नाही. लहानपणी चाळण न लावल्याने मोठेपणी खेळाडू मिळत नाहीत, हा आक्षेप त्यामुळे निदान लंगडा पडतो.

गोव्यात ट्रॅव्हल सॉकर नाही. आपल्याकडे वाड्यावरची, चर्चच्या अंगणातली आणि शेत कापून झाल्यावर उरलेल्या मोकळ्या जागेतली फुटबॉल होती, अजूनही काही ठिकाणी आहे. पण फी घेणाऱ्या अकादम्या आल्या आहेत, संध्याकाळी मैदानाबाहेर गाड्यांची रांग लागते, आणि खुर्ची टाकून बसलेली आई-बाबा मंडळी प्रशिक्षकाच्या वरताण सूचना देताना ऐकू येतात. यात आपली म्हणून एक भर आहे ती गुणांची. दहावी-बारावीच्या परीक्षेत गोवा शालान्त मंडळ खेळाडूंना क्रीडागुण देते. खेळणाऱ्या मुलाचे शैक्षणिक नुकसान भरून काढण्याचा तो चांगला हेतू. पण त्यामुळे निवड यादीतील नावाला खेळापलीकडचा भाव येतो आणि ज्यांचे मूल यादीबाहेर राहते, त्यांच्या तक्रारीलाही धार चढते.

शिवाय अमेरिकेत तारीख हलवतात, आपल्या देशात दाखला हलवतात. वयचोरीची कीड इतकी जुनी आहे की केंद्र सरकारला २०१० मध्ये तिच्याविरुद्ध राष्ट्रीय संहिता आणावी लागली, आणि फुटबॉल महासंघ मनगटाच्या हाडाच्या चाचणीने वय पडताळतो. एका वर्षाने मोठा मुलगा लहानांत घुसवला की जिंकणे सोपे जाते, हे बार्न्सलींचे संशोधन न वाचताही आपल्या पालकांना आणि संघचालकांना ठाऊक होते. ज्याची जागा त्यात गेली, त्या खऱ्या वयाच्या मुलाची तक्रार ऐकायला मात्र कोणतेच दालन नसते.

प्रामाणिक दाखल्यांतही अन्याय कसा दडतो, हे पाहायचे असेल तर कोणत्याही तालुक्यातील १३ वर्षांखालील संघाची यादी घ्यावी आणि प्रत्येक नावापुढे फक्त जन्ममहिना लिहावा. जानेवारी ते मार्चची मुले किती आणि ऑक्टोबर ते डिसेंबरची किती, हे मोजायला पाच मिनिटेही लागत नाहीत. ती यादी निवड समितीच्या टेबलावर, निवड जाहीर होण्यापूर्वी, असायला काय हरकत आहे?