विश्लेषण : सोसायटीची ड्रेनेज लाइन पुन्हा पुन्हा का तुंबते?

तळमजल्यावरच्या बाथरूममध्ये सांडपाणी उलटे येऊ लागले, की सोसायटीचा पहिला फोन सळ्या-बांबू घेऊन येणाऱ्या माणसाला जातो. तो लाइन मोकळी करतो आणि काही आठवड्यांनी ती पुन्हा तुंबते. कारण शोधण्याआधीच काम सुरू होते, आणि याच घाईत कुणाला तरी चेंबरमध्ये उतरवले जाते.

बिघाड नेमका कुठे?

एकाच घरातील एकच मोरी तुंबली, तर दोष बहुधा त्या घरातच. एकाखाली एक असलेल्या सदनिकांना त्रास असेल, तर उभ्या पाइपमध्ये. वरच्या मजल्यांचे पाणी तळमजल्यावर उलटत असेल, तर जमिनीखालच्या लाइनमध्ये. मग चेंबरची झाकणे एकेक करून उघडायची आणि बाहेरूनच पाहायचे. एक चेंबर भरलेला आणि उताराकडचा पुढचा कोरडा असेल, तर अडथळा त्या दोहोंच्या मध्ये. रस्त्याकडचा शेवटचा चेंबरही तुडुंब असेल, तर पालिकेच्या मलवाहिनीवर संशय घेऊन तक्रार वॉर्ड कार्यालयात करावी. या पाहणीला फारसा खर्च नाही. तरीही ती सहसा होत नाही.

कारण कसे कळते?

सॅनिटरी पॅड, वेट वाइप्स, गोठलेले तेल हे जेटिंगच्या दाबाच्या पाण्याने निघते. त्याच जागी पुन्हा तुंबले, तर पाइपच बिघडला असण्याची शक्यता अधिक. जुन्या इमारतींतील भाजक्या मातीच्या पाइपांच्या सांध्यांत पिंपळ-उंबराची मुळे शिरतात. सळीने ती तुटतात, पण पुन्हा फुटतात. भराव खचला, की पाइप मध्येच झोळासारखा बसतो आणि तिथे मैला साचत राहतो. हे कॅमेऱ्यातच दिसते. मात्र कॅमेरा जेटिंगनंतर सोडावा, नाहीतर चित्रणात नुसते गढूळ पाणी. दोष चेंबरपासून किती मीटरवर आहे हे कळले, की सगळे अंगण उकरावे लागत नाही.

न खोदता दुरुस्ती होते?

तडे किंवा सैल सांधे असतील, तर होते. रेझिनमध्ये भिजवलेली मऊ नळी पाइपच्या आत सरकवून फुगवतात. ती कडक झाली, की आत नवा पाइप तयार होतो. १९७१ मध्ये लंडनमध्ये ही पद्धत प्रथम वापरली गेली. पण झोळ पडलेल्या पाइपमध्ये अस्तरही तसेच झोळदार बसते. तिथे खोदून उतार नव्याने द्यावाच लागतो.

माणूस आत उतरवला तर?

चेंबरमधील हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले, की नाकाची वास घेण्याची क्षमताच बधिर होते. त्यामुळे ‘वास येत नाही, उतर’ हा सल्ला जीवघेणा ठरतो. २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे माणूस नेमण्यास बंदी आहे. कंत्राटदार मध्ये घातला म्हणून सोसायटी सुटत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गोवंडीतील एका खासगी सोसायटीच्या टाकीत डिसेंबर २०१९ मध्ये तीन कामगार दगावले. त्यांच्या पत्नींना भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली.

माणूस आत उतरणार नाही आणि कॅमेऱ्याचे चित्रण सोसायटीला मिळेल, या दोन अटी कंत्राटात आधीच लिहून घेता येतात.