जंतूवर ठपका ठेवण्याआधी

जी व्याधी प्राण घेत नाही, परंतु माणसाला चारचौघांत तोंड दाखवणे नकोसे करून सोडते, तिच्याकडे समाजाने सौंदर्याची तक्रार म्हणून पाहावे आणि वैद्यकाने ओझरते पाहावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. आणि रोझेशिया या व्याधीच्या वाट्याला ही उपेक्षा पुरेपूर आली आहे.

अमेरिकेतील नॅशनल रोझेशिया सोसायटीने नेमलेल्या तज्ज्ञसमितीने २००२ साली हिचे चार प्रकार मुक्रर केले: गालांवर ठाण मांडणारी लाली व सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे, मुरुमांसारख्या दिसणाऱ्या, परंतु काळी टोके नसलेल्या पुटकुळ्या, त्वचा जाड होऊन नाक बेढब फुगणे, आणि पापण्यांच्या कडा सुजून डोळ्यांत सतत काही खुपत राहणे. यांपैकी तिसऱ्या प्रकाराने अनेक निर्व्यसनी माणसांवर मद्यपी असल्याचा शिक्का मारला आहे, आणि चौथा दुर्लक्षित राहिल्यास प्रसंगी दृष्टीवरही बेतू शकते. एकाच चेहऱ्यावर दोन-तीन प्रकार नांदताना आढळत असल्यामुळे २०१७पासून तज्ज्ञांनी हे कप्पे बाजूस सारून प्रत्येक रुग्णाची लक्षणे स्वतंत्रपणे पाहण्याची शिफारस केली आहे, आणि ती सर्वस्वी योग्य आहे.

मग या सगळ्याच्या मुळाशी एखादा जंतू आहे काय? केसांच्या मुळांशी राहणारा, गोचीड व कोळी यांच्या गोतातला डेमोडेक्स नावाचा जेमतेम तृतीयांश मिलिमीटर लांबीचा जीव बहुतेक प्रौढांच्या चेहऱ्यावर असतोच. रोझेशियाच्या रुग्णांत मात्र त्याची संख्या वाढलेली दिसते. २००७ साली आयर्लंडमधील संशोधकांनी एका रुग्णाच्या चेहऱ्यावरील अशाच जीवातून बॅसिलस ओलेरोनियस हा जंतू वेगळा केला, तेव्हा खरा अपराधी सापडल्याची आशा अनेकांना वाटली. परंतु त्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने असे दाखवले की, या रुग्णांच्या त्वचेत कॅथेलिसिडिन हे शरीराचेच संरक्षक द्रव्य प्रमाणाबाहेर व विकृत रूपात आढळते. म्हणजे जंतू निमित्तमात्र असला, तरी दाह पेटवणारी शक्ती घरचीच असू शकते. शिवाय डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची ४० मिलिग्रॅमची, सावकाश विरघळणारी मात्रा जंतू मारण्यास अपुरी असूनही पुटकुळ्या शमवते. तेव्हा प्रतिजैविक लागू पडले, म्हणून जंतूचा दोष शाबीत झाला, हा युक्तिवाद टिकत नाही. आणि त्याच्या आधारे महिनोन् महिने पूर्ण मात्रेची प्रतिजैविके देत राहणे म्हणजे उद्याच्या गंभीर आजारांत लागणारे शस्त्र आजच बोथट करणे होय.

आपल्या प्रांती या चुकीला आणखी एक घातक जोड मिळते. सावळ्या कातडीवर लाली सहसा नजरेत भरत नाही. म्हणून उन्हातून आल्यावर किंवा चुलीसमोरून उठल्यावर चेहऱ्याची आग होते, असे सांगणाऱ्या बाईची बोळवण 'ॲलर्जी असेल' एवढ्यावर होते, आणि ती औषधाच्या दुकानातून गोरेपणाच्या नावाने खपणारे स्टेरॉइडमिश्रित मलम घेऊन येते. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो. काही महिन्यांत कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या उघड्या दिसू लागतात आणि मलम थांबवताच आगडोंब उसळतो. रोझेशियासारखीच दिसणारी ही दुसरी व्याधी सर्वस्वी मानवनिर्मित आहे. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमे अनुसूची 'एच'मध्ये घालून डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून होणाऱ्या विक्रीस मनाई केली खरी. पण ती मलमे आजही गल्लीतल्या दुकानात बिनदिक्कत मिळतात, याची जबाबदारी अंमलबजावणी करणाऱ्यांना टाळता येणार नाही.

डॉक्टरांकडे मागणे फार मोठे नाही. गालावर काचपट्टी दाबली असता रक्तवाहिन्यांची लाली क्षणभर ओसरते आणि काच उचलताच परत येते. सावळ्या चेहऱ्यावरही ओळख पटवणारी ही तपासणी करण्यास फारसा वेळ वा खर्च लागत नाही. त्याबरोबर डोळ्यांची चौकशी करावी, पूर्वी कोणते मलम लावले याचा दाखला मागावा, आणि ऊन, उष्ण पेये, तिखट यांपैकी नेमके काय बाधते, हे रुग्णाकडूनच समजून घ्यावे. जंतूचा वाद प्रयोगशाळेत यथावकाश सुटेल. परंतु तो सुटेपर्यंत रुग्णाचा चेहरा अपुऱ्या अनुमानांचे प्रयोगक्षेत्र होऊ न देणे, हे वैद्यकाचे आजचेच कर्तव्य आहे.