आरणीचा पंचनामा कोण करणार?

शिंदे की छावनीत राहून ग्वाल्हेरजवळ बटाटा करणाऱ्या एका वाचकाचे पत्र आले आहे. मंचर-खेडच्या पत्रांतही तीच तक्रार आहे. फेब्रुवारीत काढलेला माल मे महिन्यात पाकोळीने पोखरला, डोळ्यांपाशी काळी विष्ठा, आत सड. विमा प्रतिनिधी आरण, म्हणजे बटाट्याचा साठवणीचा ढीग, बघायलाही आला नाही.

संताप याचा, की न येण्याला नियमाचा आधार आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत काढणीनंतरचे संरक्षण १४ दिवसांचे. तेही कापून शेतात सुकत पसरलेल्या पिकाला, आणि गारपीट, चक्रीवादळ, अवकाळी पाऊस यांच्यापुरते. बटाटा रानात कोण सुकवतो? उघडा ठेवला तर त्याच रात्री पाकोळी त्यावर अंडी घालते! अळी कंदात शिरते तेव्हा वरून काही कळत नाही, आणि कळते तोवर मुदत केव्हाच सरलेली असते. हा नियम लिहिणाऱ्याने बटाट्याची आरण कधी पाहिली असेल, असे वाटत नाही.

दक्षिण अमेरिकेची ही पाकोळी १९०६ साली इटलीहून आलेल्या बेण्यातून मुंबई इलाख्यात उतरली. परदेशी किडींना अटकाव करणारा कायदा झाला १९१४ मध्ये, तोवर ती इथली झाली होती. शतक उलटून गेले तरी साठवणीतले तिचे नुकसान सरकारदरबारी नुकसानच नाही. आरण मोडेपर्यंत संरक्षण मिळाले पाहिजे आणि कृषी सहायकाने ढीग उघडून पंचनामा केला पाहिजे.

आणि आपण? कित्येक जण अजूनही ढीग बटाट्याच्याच पाल्याने झाकतात. पाला सुकला की त्यातली अळी थेट खालच्या कंदात उतरते, हे किती वेळा छापायचे? भर लावताना एकही कंद उघडा ठेवू नका. काढलेला माल दिवस मावळायच्या आत उचला. आरणीच्या तळाला आणि वर कडुनिंबाचा किंवा घाणेरीचा वाळलेला पाला जाड पसरा. बेणे तरी शीतगृहातच ठेवा. पुढच्या हंगामात कोपिडोसोमा हे पाकोळीवरचे परजीवी कीटक सोडायचे असतील तर मागणी आत्ताच नोंदवा, ऐन वेळी ते मिळत नाहीत.

यंदा आरण पोखरली असेल त्यांनी चांगला आणि किडका माल वेगळा तोलावा, तारखेसह छायाचित्रे काढावीत, तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि तिची एक प्रत ३० जूनपर्यंत आमच्याकडे पाठवावी. सगळ्या प्रती एकत्र बांधून आम्ही कृषी आयुक्तांकडे नेणार आहोत.