चाक खोलणारे मशीन घ्यावे, पण जाहिरातीतल्या आकड्याला भुलू नये



दर हंगामाच्या तोंडाला आपण उसाच्या नोंदी, तोडणीचे प्रोग्रॅम, टोळ्यांची उचल आणि वाहनांचे करार यांची चर्चा करतो. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावा, दारू पिऊन ट्रॅक्टर चालवू नका, टेपरेकॉर्डर मोठ्याने लावू नका, हेही दरवर्षी सांगून होते. पण भरल्या ट्रॉलीचे चाक रात्री रस्त्यात बसले तर ते कशाने खोलायचे आणि कशाने आवळायचे, हा प्रश्न आपण नेहमी ड्रायव्हरच्या नशिबावर सोडून देतो. यंदा तो सोडू नये, असे आमचे मत आहे.

बारामतीहून भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकीवरून इंदापूरला जाणारा रस्ता पाहा. आता तो पालखी महामार्ग म्हणून रुंद झाला. रस्ता चांगला झाला तशी वाहनांची गतीही वाढली. अशा रस्त्याच्या कडेला दोन ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन ऊस घेऊन ट्रॅक्टर उभा, मागे उजेड नाही, ड्रायव्हर चाकाशी वाकलेला आणि त्याचा जोडीदार पान्यात पाईप घालून त्यावर उड्या मारतोय, हे चित्र आपल्याला नवे नाही. नट सुटायला अर्धा तास लागला, तर तो अर्धा तास दोन माणसांचा जीव टांगणीला असतो. मागून येणाऱ्याच्याही जिवाला धोका असतोच.

दुसरे नुकसान उसाचे. तुटलेला ऊस जितका उशिरा गव्हाणीत पडेल तितके त्याचे वजन घटते आणि साखरही मोडते. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी ठरवली आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जास्त. म्हणजे उताऱ्याचा दशांश टक्कासुद्धा सर्व सभासदांच्या बिलात दिसतो. एका चाकाने उतारा पडत नाही हे खरे. पण हंगामभरात अशी चाके किती बसतात, हे यार्डात उभे राहिलेल्यांना ठाऊक आहे.

नट इतके घट्ट का बसतात?

ट्रॉल्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बांधावर पावसात उभ्या असतात. हंगामात काळ्या रानातला चिखल नट-बोल्टांत भरतो, वाळतो आणि गंजाबरोबर घट्ट होतो. त्यातून मागच्या खेपेला कुणीतरी पाईप लावून नट ‘मरेस्तोवर’ आवळलेला असतो.

हिशेब सोपा आहे. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर साठ किलोचा माणूस उभा राहिला की नटावर 60 किलोग्रॅम-मीटर, म्हणजे जवळजवळ 600 न्यूटन-मीटर जोर पडतो. दहा नटांच्या मोठ्या ट्रकचे चाक आवळायला साधारण एवढाच जोर सांगितलेला असतो. ट्रॉलीच्या लहान बोल्टांना त्याहून बराच कमी लागतो. मग पाईप दीड मीटरचा आणि माणूस ऐंशी किलोचा असला, तर तो जोर दुपटीवर जातो. आवळताना कुणी हा हिशेब करत नाही, आणि सोडताना त्याची किंमत दुसराच मोजतो.

बाजारातले नवे मशीन

पंक्चरच्या दुकानात हवेवर चालणारी गन आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. तिला कॉम्प्रेसर लागतो, म्हणून ती दुकान सोडून रानात येत नाही. आता बॅटरीवर चालणारी गन आली आहे. तिच्यात मोटार एक हातोडा फिरवते, तो आतल्या ऐरणीवर सेकंदाला अनेक ठोके मारतो, आणि गंजलेला नट त्या ठोक्यांनी सुटतो. हाताला झटका कमी बसतो. दहा नटांचे चाक काही मिनिटांत मोकळे होते. वस्तू उपयोगाची आहे, यात शंका नाही.

पण घेताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, पुढच्या चौकोनाचे माप. अर्धा इंची, पाऊण इंची आणि एक इंची अशी तीन मापे येतात. अर्धा इंची गन मोटार आणि जीपसाठी ठीक आहे. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीला आमच्या मते पाऊण इंची घ्यावी. दहा नटांचे ट्रक सतत हाताळायचे असतील तर एक इंची लागते, पण ती बॅटरीसकट दहा किलोच्या घरात जाते. ती यार्डातल्या वर्कशॉपला शोभते. अंधारात वाकून काम करणाऱ्या एकट्या माणसाला ती जडच पडणार. अर्धा इंची गनला जोडतुकडा लावून मोठा सॉकेट चढवू नये. जोर जोडातच जिरतो आणि चौकोन तुटतो.

दुसरी, जोराचा आकडा. डब्यावर बहुधा दोन आकडे असतात. एक नट आवळण्याचा, दुसरा घट्ट नट सोडण्याचा. दुसरा आकडा मोठा असतो, म्हणून तोच ठळक छापतात. दुकानदाराला दोन्ही विचारावेत. एकच आकडा सांगून ‘काय बी सुटतंय’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. बॅटरी उतरली, सॉकेट झिजला किंवा मध्ये लांब रॉड घातला, तर तो आकडाही तसाच राहत नाही.

तिसरी, बॅटरी. 18 व्होल्ट आणि ‘20 व्होल्ट मॅक्स’ यांत फरक समजू नये. दोन्हींत पाच सेलची ओळ असते. 3.6 च्या हिशेबाने 18 होतात, पूर्ण चार्ज झाल्यावर 21 च्या आसपास भरतात. स्वस्त मशीनवर ‘88’, ‘388’ असे आकडे आणि पुढे कसलीतरी अक्षरे छापलेली दिसतात. ते व्होल्ट नव्हेत, नुसती रंगरंगोटी आहे. बॅटऱ्या दोन घ्याव्यात, पाच अँपिअर-अवर किंवा त्याहून मोठ्या. इंदापूरच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात ट्रॅक्टरच्या पेटीत बॅटरी ठेवू नये आणि तापलेली असताना चार्जिंगला लावू नये. तिचे आयुष्य उष्णतेनेच संपते. वाडीवर लाइट कधी येते यावरही चार्जिंग अवलंबून, हे विसरू नये.

चौथी, सॉकेट. चकचकीत पांढरा सॉकेट हाताच्या पान्यासाठी असतो. गनच्या ठोक्याने तो फुटतो आणि त्याचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. गनसाठी जाड, काळा इम्पॅक्ट सॉकेटच हवा. तो सहा कोनांचा आणि आपल्या नटाच्या नेमक्या मापाचा असावा. 27, 30, 32, 33 अशी मापे आपल्या वाहनांत सापडतात. घरून नट मोजून दुकानात जावे. काही जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, हेही आधी पाहून घ्यावे. नाहीतर सोडतो म्हणता म्हणता बोल्टच तुटायचा.

सोडायला गन, आवळायला टॉर्क पाना

आता मुख्य मुद्दा. या मशीनचा खरा धोका सोडण्यात नाही, आवळण्यात आहे. गनचा खटका दाबून ठेवला की ती ठोकत राहते. नट किती आवळला हे तिला कळत नाही, धरणाऱ्यालाही कळत नाही. जास्त आवळला तर बोल्ट ताणला जातो आणि पुढे भरल्या खेपेला तुटतो. कमी आवळला तर चाक हलते, रिमची भोके लांबट होतात आणि एक-एक करत नट गळतात. सुटलेले चाक कुणाच्या घरात शिरेल, कुणाच्या अंगावर जाईल, याचा नेम नसतो.

म्हणून आमचे सांगणे असे. गनने नट सोडावेत. चढवताना हाताने आटे धरवावेत, गनने हलकेच टेकवावेत, आणि शेवटचा जोर टॉर्क पान्यानेच द्यावा. हा पाना ठरवलेल्या जोरावर ‘कट’ असा आवाज देतो. कोणत्या नटाला किती जोर, हे गाडीच्या पुस्तकात असते. नट ओळीने न आवळता समोरासमोरचे घ्यावेत. रिम आणि हब यांच्या मधला चिखल, गंज, रंगाचा थर आधी खरवडून काढावा. पुस्तकात सांगितले नसेल तर आट्यांना ग्रीस लावू नये. आणि चाक बदलल्यावर 50 ते 100 किलोमीटर झाले की पुन्हा एकदा पाना लावावा. कारखान्याच्या दोन-तीन खेपांत तेवढे होते. वजनकाट्याच्या रांगेत उभे असताना हे काम दहा मिनिटांचे आहे. नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले तर नट ढिला आहे असे समजावे.

आणि मशीन आले म्हणून जुनी शिस्त सोडू नये. ट्रॉली सपाट, कठीण जागी घ्यावी. बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करावेत, मग जॅक लावावा. जॅकखाली फळी हवी. भरल्या ट्रॉलीखाली नुसत्या जॅकवर विसंबून कुणी शिरू नये.

खर्च कोणी करावा?

‘आमचं आयुष्य पान्यावर उभं राहण्यात गेलं, आता मशीन कशाला?’ असे जाणते ड्रायव्हर म्हणतात. त्यांच्या अनुभवाला आम्ही कमी लेखत नाही. एकट्या वाहतूकदाराने चांगल्या कंपनीचे पाऊण इंची मशीन, दोन बॅटऱ्या आणि सॉकेट घ्यायचे म्हटले, तर ट्रॉलीच्या नव्या टायरपेक्षा जास्त पैसे जातात. वर्षातून चार-दोन चाकांसाठी तो खर्च परवडत नाही. त्याला दातेरी चक्राचा, हँडलने फिरवायचा पाना पुरेसा आहे. पन्नासहून जास्त फेरे मारले की नट एक फेरा फिरतो. काम हळू होते, पण बॅटरी लागत नाही आणि पाईपवर उड्या माराव्या लागत नाहीत. आवळायला मात्र तो वापरू नये. कमी कष्टात तोही बोल्ट तोडतो.

मशीन ही एकट्याची नव्हे, सर्वांनी मिळून घ्यायची वस्तू आहे. प्रत्येक गट ऑफिसला एक पाऊण इंची गन, दोन बॅटऱ्या, सॉकेटचा संच आणि एक टॉर्क पाना असावा. यार्डातल्या वर्कशॉपला एक इंची गन असावी. गट ऑफिसच्या संचाबरोबर दोन रिफ्लेक्टरचे त्रिकोण आणि एक चांगली बॅटरी असावी. रात्रपाळीच्या माणसाला चार दिवस शिकवावे, आणि त्याचा फोन नंबर प्रत्येक वाहनाच्या करारपत्रावर छापावा.

याचा खर्च वाहतूकदाराच्या बिलातून कापू नये. ऊस सर्वांचा आणि रस्ताही सर्वांचा. हा पैसा सभासदांचा आहे, म्हणून त्याचा हिशेब सभासदांनी मागावा, हेही रास्त आहे. कोणत्या गटात किती चाके बदलली, किती वेळ लागला, किती बोल्ट तुटले, याची वही ठेवावी आणि वार्षिक सभेत वाचून दाखवावी. वहीने उपयोग दाखवला तर पुढच्या वर्षी संच वाढवावेत. नाही दाखवला तर थांबावे.

संचालक मंडळाने हा विषय वाहनांचे करार होण्याआधी घ्यावा, अशी आमची सूचना आहे. आणि मशीन आधी, टॉर्क पाना मागाहून, असे मात्र करू नये. दोन्हींपैकी एकच घ्यायचे ठरले, तर आम्ही टॉर्क पान्याच्या बाजूने मत देऊ.