माफी मागायची कोणी आणि कोणाची?

गेल्या संवत्सरीला माझ्या मोबाईलवर त्रेचाळीस 'मिच्छामि दुक्कडम्' आले. मोजले, कारण बिल्ड चालू होता आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्यातले मला खरोखर ओळखणाऱ्यांचे असतील पाच-सहा. बाकी सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, विम्याचा एजंट... आणि एक चक्क आमच्या बिल्डरच्या हापिसातून! या गृहस्थाने ताबा द्यायला तीन वर्षं उशीर केला, मधल्या काळातलं ठरलेलं भाडं दिलं नाही, आणि आता हात जोडल्याचं चित्र पाठवून 'कळत-नकळत मन दुखावलं असल्यास' क्षमा मागतोय. अहो, मन नाही, भाडं! मन माझं ठणठणीत आहे.

मी जैन नाही. पण मुलुंडला वाढलोय, वर्गातले निम्मे मित्र जैन होते, त्यामुळे हा दिवस लहानपणापासून बघितलाय. एका मित्राची आजी वर्षभर खालच्या मजल्यावरच्या बाईंशी पाण्याच्या टाकीवरून भांडायची. संवत्सरीला मात्र गुडघे दुखत असताना जिना उतरून त्यांच्या दारात जायची आणि हात जोडायची. त्या बाईही मग डोळ्याला पदर लावायच्या. पुढच्या आठवड्यात भांडण पुन्हा सुरू व्हायचं ही गोष्ट वेगळी. :) पण जिना ती उतरायची.

आज याच विषयावर लिहायचंय. घाई असेल त्यांच्यासाठी मुद्दा आधीच सांगतो, म्हणजे तेवढं वाचून टॅब बंद केला तरी चालेल: क्षमा, गिल्ट, अहंकार सोडणे वगैरे नावांखाली हल्ली विकांताला जे शिकवलं जातं, त्यात ज्याचं नुकसान झालं तो माणूसच वगळलेला असतो.

हे मी शहाणपणाच्या खुर्चीत बसून लिहीत नाहीये. माझं स्वतःचं एक प्रकरण आहे, ते आधी सांगतो.

२०१६ साल. मी तेव्हा अंधेरीतल्या एका कंपनीत होतो. शुक्रवारी रात्री रिलीज होता (शहाणे लोक शुक्रवारी रिलीज करत नाहीत, आम्ही करायचो). मी डेटा साफ करायची एक स्क्रिप्ट चालवली. टेस्टच्या डेटाबेसवर चालवायची ती प्रॉडक्शनवर चालली. क्लायंटचे काही तासांचे व्यवहार उडाले. बॅकअपवरून सगळं परत आणेपर्यंत शनिवार संपला.

सोमवारच्या कॉलवर क्लायंटने विचारलं, हे झालं कसं? आमचा मॅनेजर म्हणाला, टीममध्ये एक नवीन मुलगा आहे, त्याच्याकडून चूक झाली. त्या रात्री तो मुलगाही ड्युटीवर होता. लॉगिन आम्ही सगळे एकच वापरायचो, त्यामुळे लॉगमध्ये कोणाचंच नाव नव्हतं. मॅनेजरने अंदाज केला होता. मी म्यूटवर होतो. अनम्यूट करायला एक बटण दाबायचं होतं. ते मी दाबलं नाही.

मुलगा सांगत होता की मी केलेलं नाही. कोणी ऐकलं नाही. त्याचं प्रोबेशन कन्फर्म झालं नाही, महिन्याभरात तो गेला. माझं त्या वर्षीचं अप्रेझल उत्तम झालं.

पुढे दोनेक वर्षं झोपेची बोंब झाली. एका मित्राने एक वर्कशॉप सुचवलं. दोन दिवस, मुलुंडमधला एसी हॉल, नाश्ता-जेवणासकट. तिथे आम्हाला सांगितलं की गिल्ट म्हणजे मनावर साचलेला कचरा आहे. तुम्ही जे केलंत ते तेव्हाच्या तुमच्या समजेप्रमाणे केलंत. आरशासमोर बसा, स्वतःच्या डोळ्यांत बघा आणि चार वाक्यं म्हणा. सॉरी, मला माफ कर, थँक्यू, आय लव्ह यू. मी म्हटली. रडलो. शेजारच्या काकूंनी टिश्यू दिला. रविवारी रात्री मस्त झोप लागली.

हीच तर पंचाईत.

कारण २०१९ मध्ये एका संध्याकाळी घाटकोपरला, लोकलमधून उतरून मेट्रोकडे जाणाऱ्या पुलावर, त्या गर्दीत तो मुलगा समोर आला. मला बघून त्याने तोंड फिरवलं नाही, हा त्याचा मोठेपणा. खाली उतरून चहा घेतला. मी त्याला सगळं सांगून टाकलं. त्याला संशय होताच. आणि मग माझ्या तोंडून जे वाक्य निघालं त्याची आजही लाज वाटते. मी म्हणालो, "पण आता मी स्वतःला माफ केलंय रे, खूप हलकं वाटतंय."

तो म्हणाला, "बरं झालं सर. पण हे तुम्ही त्यांना सांगितलंत का? मॅनेजरना?"

"नाही."

"मग हलकं कशाचं वाटतंय?"

आवाज चढवला नाही, काही नाही. पाच महिन्यांत नोकरी का सोडली, हे प्रत्येक इंटरव्ह्यूत विचारायचे, आठ महिने घरी होतो, वडील शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते भरत होते, एवढं सांगून तो मेट्रोला गेला. चहाचे पैसेही त्यानेच दिले.

त्यानंतर मी या आरसा प्रकरणाबद्दल वाचायला लागलो. त्या चार वाक्यांना 'होओपोनोपोनो' म्हणतात, मूळ हवाई बेटांवरचं. आणि मूळ प्रकार काय होता माहितीये? घरातली भांडणं मिटवायची बैठक! घरातला एखादा वडीलधारा माणूस सगळ्यांना समोरासमोर बसवायचा, ज्याने चूक केली त्याने ती सगळ्यांदेखत कबूल करायची, भरपाई करायची, मग एकमेकांना मोकळं करायचं. १९७० च्या दशकात मोर्ना सिमिओना या हवाईयन बाईंनी त्याचं एकट्याने करायचं रूप तयार केलं, आणि २००७ च्या 'झीरो लिमिट्स' या पुस्तकापासून ती चार वाक्यं जगभर गेली. तिथून मुलुंडच्या एसी हॉलमध्ये. प्रवासात काय गळलं? समोरचा माणूस.

'मिच्छामि दुक्कडम्'चंही तेच. या शब्दांचा अर्थ साधारण 'मी केलेलं वाईट मिथ्या होवो, निष्फळ होवो' असा. पण हे शब्द प्रतिक्रमणाचा भाग आहेत. प्रतिक्रमण म्हणजे मागे फिरणं, आपण कुठे कुठे चुकलो ते एकेक आठवणं. संवत्सरीचं प्रतिक्रमण काही तास चालतं. म्हणजे आधी यादी, मग माफी. आपण यादी उडवली आणि माफी फॉरवर्ड केली. 'कळत-नकळत काही चुकलं असल्यास' या वाक्यातला 'असल्यास' बघा. एवढ्याशा शब्दाने सगळं मोकळं! काय चुकलं हे सांगावं लागत नाही, चुकलं होतं हेही मान्य करावं लागत नाही.

कोणी म्हणेल की बौद्ध विचारात तर सोडून देणं हेच सगळं आहे. आहे ना. पण विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिरसुद्धा पंचशीलापासून सुरू होतं, डोळे मिटणं नंतर. आणि अंगुलिमालाची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. बोटांची माळ घालणारा खुनी बुद्धांना भेटतो आणि भिक्षू होतो, इथे आपला पडदा पडतो. त्रिपिटकातली गोष्ट पुढे जाते. हा भिक्षू श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा त्याच्या अंगावर ढेकळं आणि काठ्या येऊन बसतात. डोकं फुटलेलं, पात्र फुटलेलं, चीवर फाटलेलं, असा तो बुद्धांपुढे येतो. बुद्ध काय सांगतात? सहन कर, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे. गावकऱ्यांना बोलावून 'अहंकार सोडा, याला माफ करा, हा आता बदललाय' असं ते सांगत नाहीत. माणूस आतून बदलला म्हणून बाहेरची बाकी शून्य होत नाही, एवढं साधं गणित आहे.

आता अहंकाराचं. वर्कशॉपमध्ये हा शब्द दर दहा मिनिटांनी यायचा. तुम्हाला राग येतोय? अहंकार. न्याय हवाय? अहंकार. समोरच्याने चूक कबूल करावी असं वाटतंय? मोठ्ठा अहंकार! पण माझ्या प्रकरणात अहंकार कुठे होता? निर्दोष आहे म्हणून ओरडणाऱ्या त्या मुलात होता, की म्यूटवर गप्प बसलेल्या माझ्यात? आणि 'मी स्वतःला माफ केलं' या वाक्यात कर्ता मी, कर्म मी, फायदा माझा. अहंकार सोडायला गेलो आणि दुसऱ्या कोणाला जागाच उरली नाही, इतका तो वाढवून आलो. आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर अलर्ट वाजत होता म्हणून मी अलर्ट बंद केला. सर्व्हर पडलेलाच होता.

इथे हमखास येणारा आक्षेप: अरे, पण आपले संत तर क्षमाच सांगतात! मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग विसरलास का? नाही विसरलो. उलट तेच उदाहरण घेऊ. परंपरेने चालत आलेली कथा अशी की विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परतले म्हणून धर्मसत्तेने त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. आईवडील गेले, चार पोरकी मुलं उरली. पुढे लोकांच्या वागण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकटी बहीण दाराशी येऊन त्यांना समजावत राहिली. पण समजावणारी कोण होती? तेच आईबाप गमावलेली, तीच निंदा सोसलेली. तिला तो अधिकार होता. प्रायश्चित्त सांगणाऱ्यांपैकी एखाद्याने दाराशी येऊन 'सोड रे राग, ताटी उघड' म्हटलं असतं तर त्याला आपण संत म्हटलं असतं का? आपल्याकडचे बहुतेक क्षमेचे उपदेशक नेमके या दुसऱ्या गटातले असतात. सून-सासू, बॉस-ज्युनिअर, कुठलंही उदाहरण घ्या.

आणि हे व्यक्तींपुरतंच नाही. घाटकोपर पूर्वेला हायवेलगत रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ ला सकाळी तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. १० माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. न्या. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये, म्हणजे १२ वर्षांनी, उपनिरीक्षक मनोहर कदम यांना सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली आणि काही दिवसांतच उच्च न्यायालयाने ती शिक्षा स्थगित करून जामीन दिला. एकदा हापिसच्या कॅबमधून तिथून जाताना विषय निघाला, तर एक सहकारी म्हणाला, "किती वर्षं तेच धरून बसणार हे लोक? लेट गो करायला शिकलं पाहिजे." त्याच्या घरातलं कोणी गेलं नव्हतं. माझ्याही नाही. जे आपलं नाहीच ते सोडून द्यायला काय जातंय!

थोडं माझ्या विरुद्धही बोलतो. ज्याच्यावर अन्याय झाला तो जन्मभर जळत राहिला तर नुकसान त्याचंच आहे, हे मला मान्य आहे. अन्याय करणारा मेला असेल, सापडत नसेल, किंवा त्याच्यासमोर जाणंच धोक्याचं असेल, तर स्वतःपुरतं सोडून देणं हाच मार्ग उरतो. काही माणसं न केलेल्या गोष्टींचंही ओझं वाहतात, त्यांना चांगला डॉक्टर किंवा समुपदेशक हवा. पण सोडायचं की नाही, कधी, किती, हे ज्याचं गेलं त्याने ठरवायचं. ज्याने घेतलं त्याने नाही. आणि गिल्ट दर वेळी आजार नसतो. बऱ्याचदा ते थकलेलं बिल असतं. झोप येत नाही कारण देणं बाकी आहे.

माझं काय झालं ते सांगून थांबतो. घाटकोपरच्या त्या चहानंतर जुन्या मॅनेजरला सहा ओळींची मेल लिहायला मला तीन आठवडे लागले. स्क्रिप्ट मी चालवली होती, त्या मुलाचा काही संबंध नव्हता, कॉलवर मी मुद्दाम गप्प बसलो. त्या मुलाला सीसीमध्ये ठेवलं आणि त्याला हवी तिथे ती मेल दाखवायला मोकळीक दिली. मॅनेजर तोपर्यंत दुसऱ्या कंपनीत होता. त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं: "जुनं झालं रे आता. लेट गो."

मुलाचं उत्तर त्याच रात्री आलं होतं: "वाचलं. थँक्स." बस्स. माफ केलं की नाही, त्याने लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही. ते मागायचा हक्क मला नाही.

झोप अजूनही कधी कधी लागत नाही. आता त्याची तक्रार करत नाही.

असो. पुढच्या संवत्सरीला सगळ्यांना एकच मेसेज टाकण्याआधी दोन मिनिटं बसून एक यादी करा. बहुतेक नावं तुम्हाला आत्ताच आठवली असतील. त्यातल्या एकाला फोन लावा. आणि हो, बोलताना 'असल्यास' वगळा.