आधी माणसे मोजा, मग मेगावॉट

दक्षिण आफ्रिकेच्या एम्पुमालांगा प्रांतातील कोमाती या कोळशावरच्या वीज केंद्राचा शेवटचा संच ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी बंद झाला. तिथे सौर-पवन ऊर्जा आणि प्रशिक्षण केंद्र उभे करण्यासाठी जागतिक बँकेने सुमारे ५० कोटी डॉलर मंजूर केले. त्यात अनुदान फक्त १ कोटी, बाकी सगळे कर्ज. कायम कर्मचाऱ्यांना कंपनीने दुसऱ्या केंद्रांत सामावून घेतले. कंत्राटी कामगारांचे जुने काम मात्र नवे मिळण्याआधीच गेले, आणि त्यांच्या पगारावर चालणारी गावातली दुकानेही बसली.

ही गोष्ट आपल्या चंद्रपूरला लागू पडते. तिथल्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे, भोवती कोळशाच्या खाणी आहेत. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले आहे. निम्मी वीजक्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची करण्याचे २०३० चे लक्ष्य आपण २०२५ मध्येच गाठले. अभिमान जरूर बाळगावा. पण क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. आजही आपली बहुतांश वीज कोळशातूनच येते. म्हणजेच केंद्रे उद्या बंद होणार नाहीत. तयारीला वेळ आहे, आणि तो वाया घालवणे हाच खरा गुन्हा ठरेल.

पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत कामगारांसाठी न्याय्य संक्रमणाचा उल्लेख आहे. पण संक्रमण कोणाचे? कायम कामगाराकडे नेमणूकपत्र असते, संघटना असते. राख वाहणारा, कोळसा उतरवणारा, ट्रकवरचा क्लीनर, खाणीच्या नाक्यावर पंक्चर काढणारा यांच्याकडे काय असते? ठेकेदार बदलला की त्यांची नोंदही पुसली जाते. ज्याचे नाव यादीत नाही, त्याला भरपाई कोण देणार?

२०२४ मध्ये बाकू परिषदेत विकसनशील देशांनी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर मागितले. श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज उभे करण्याचे आश्वासन दिले. भारताने तिथे जाहीर हरकत घेतली, ती योग्यच होती. ज्यांनी धूर केला त्यांनी किंमत मोजावी, तीही कर्जाने नव्हे. मग हेच माप घरातही लावायला हवे. चंद्रपूरच्या विजेवर मुंबई-पुण्याचे दिवे लागले. राख आणि धूळ चंद्रपूरकरांच्या वाट्याला आली. तो हिशेब कोण चुकवणार?

सुरुवात सोपी आहे. प्रत्येक केंद्र आणि खाणीने कंत्राटी कामगारांची नोंदवही आजच करून ती जाहीर करावी. २०१५ पासून खाणग्रस्त भागांसाठी असलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतला ठरावीक वाटा या कुटुंबांच्या नव्या रोजगारासाठी राखावा. आणि संच बंद करण्याची तारीख ठरवताना टेबलावर कामगारही बसलेला असावा.

वाचकहो, पुढच्या ग्रामसभेत, वॉर्डसभेत एवढा एकच प्रश्न विचारा : यादी कुठे आहे?